खिडकीची पट्टी कुणी आखायची

तिला सगळे मावशी म्हणत. खरं तर ती एकाच मुलीची मावशी, बहिणीच्या. त्या भाचीनंच कधीतरी तिला इंटरनेटवर खातं उघडून दिलं आणि नावाच्या जागी ‘मावशी’ लिहून मोकळी झाली. ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे कुठल्या कुठल्या कोपऱ्यातले दाढीमिशीवाले बाप्ये तिला “मावशी, तुमच्या प्रोग्रामात बाही जोडताना गडबड होतेय” असं लिहायला लागले, आणि तिलाही त्यात काही वावगं वाटेनासं झालं.

मावशी कपडे शिवणाऱ्या एका कारखान्यात नमुने आखायची. नमुना म्हणजे कापड कापण्याआधी कागदावर काढायचा आराखडा. पाठ, पुढचा भाग, बाही, कॉलर, सगळं सुटं सुटं. कारखान्यातला प्रोग्राम तिला पसंत नव्हता. ती खांद्याचं वळण एक काढायची, तो आपलंच घोडं पुढे दामटायचा. वैतागून ती स्वतःच प्रोग्राम लिहायला शिकली. कुणी शिकवलं नाही. चुकतमाकत, लोकांचा कोड वाचत, भाताचा कुकर गॅसवर विसरत शिकली, आणि घरी बसून आपला प्रोग्राम तयार केला. नाव ठेवलं ‘बेत’. कापड बेततो तोही बेत आणि मनात आखतो तोही बेत. लिनक्स नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर चालणारा, कुणीही घ्यावा, कुणीही वापरावा असा.

त्या ‘बेत’चं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक घरातच होतं. तिच्या सासूबाई.

सासूबाईंनी जन्मभर शिवणकाम केलेलं. गल्लीतल्या निम्म्या लोकांचे खांदे त्यांना पाठ होते. मग एक आजारपण आलं, त्यातून त्या उठल्या, पण उजवा हात थरथरायला लागला तो थांबेना. शिवणयंत्रावर दोन्ही हातांनी कापड दाबून धरलं की निभायचं. आखलेल्या रेघेवरून कात्री टेबलाला टेकवून सावकाश कापताही यायचं. अडायचं ते आखण्यापाशी. खडू कापडाला लावला की रेघ नागमोडी. दोन वर्षं त्यांनी फक्त लोकांच्या उसवलेल्या शिवणी मारल्या आणि वरवर म्हणत राहिल्या, “बरं झालं, विश्रांती मिळाली.”

‘बेत’नं त्यांना पुन्हा धंद्याला लावलं. मापं आकड्यांत टाकायची, नमुना आपोआप आखला जायचा, मग छापून कापडावर टाचायचा. आकडे टाकायला हात थरथरला तरी चालतं. प्रश्न होता तो माऊसनं बारीकसारीक जागी नेम धरण्याचा. त्यावर मावशीनं एक सोय करून ठेवली होती. कॉम्प्युटरवर कुठलाही प्रोग्राम उघडला की त्याची एक खिडकी येते आणि त्या खिडकीच्या डोक्यावर एक पट्टी असते. पट्टीवर प्रोग्रामचं नाव, पट्टी धरून खिडकी सरकवायची आणि कोपऱ्यातल्या फुलीनं बंद करायची. ही पट्टी डेस्कटॉप काढायचा, म्हणजे सगळ्या खिडक्या मांडणारा मूळ प्रोग्राम. मावशीनं त्याला एकदाच सांगून ठेवलं होतं, पट्टी जाड काढ, काळी काढ आणि फुली कोटाच्या बटणाएवढी काढ. बस्स. मग कुठलाही प्रोग्राम उघडा, पट्टी तशीच.

एके दिवशी दुपारी कारखान्यात सासूबाईंचा फोन आला.

“अगं, तुझ्या बेतचं डोकं गेलंय.”

“डोकं गेलंय म्हणजे?”

“म्हणजे वरची पट्टीच नाही. धरायला नाही, बंद करायला नाही. नुसता मधला भाग येऊन बसलाय, उघडाबोडका.”

“आई, तुम्ही काही दाबलंत का?”

“मी कशाला दाबू? सकाळी तेच विचारत होतं, नवीन आवृत्ती आलीय, घेऊ का? मी म्हटलं घे बाबा. दारात आलेल्याला नाही कसं म्हणायचं?”

मावशीनं कपाळाला हात लावला. नव्या आवृत्तीत डेस्कटॉपवाल्यांनी पट्ट्या काढणं सोडून दिलं होतं. ज्यानं त्यानं आपापली पट्टी काढावी, असा त्यांचा नवा कायदा. मोठमोठ्या प्रोग्रामवाल्यांनी स्वतःची पट्टी आधीच तयार ठेवली होती, त्यांचं काही अडलं नाही. ‘बेत’सारखे लहान प्रोग्राम मात्र रातोरात बिनडोक्याचे झाले.

कीबोर्डवरून खिडकी बंद करायची युक्ती मावशीनं फोनवर सांगून पाहिली. पण त्यासाठी दोन कळा एकदम दाबायच्या, आणि सासूबाईंचा हात दोनाच्या जागी चार दाबायचा. शेवटी त्यांनी सरळ वायर उपटली. शेजारणीच्या कोटाचा अर्धा नमुना त्याबरोबर गेला.

संध्याकाळी मावशी घरी आली तेव्हा कॉम्प्युटरवर जुनी चादर घातलेली होती.

“असू दे गं,” सासूबाई म्हणाल्या. “मी कागदावर काढीन. इतकी वर्षं काय कॉम्प्युटरवर शिवत होते का?”

थोड्या वेळानं मावशी चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेली. सासूबाई टेबलाशी उभ्या होत्या. डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून रेघ ओढत होत्या. ओढली, पाहिली, खोडली. पुन्हा ओढली. कागद तिथं खोडून खोडून पातळ झाला होता. मावशी चहा बाहेरच ठेवून परत फिरली आणि डेस्कटॉपवाल्यांच्या चर्चेच्या पानावर जाऊन बसली.

तिथं तिनं लिहिलं ते काही लोण्यात बुडवून लिहिलं नाही. “पट्टी काढणं तुमचं काम. तुम्ही ते करत होतात. आता हात वर करून आमच्यावर ढकलता आहात. शंभर प्रोग्राम शंभर तऱ्हेच्या पट्ट्या काढतील आणि ज्यांची नजर किंवा हात अधू आहे त्यांनी फुली शोधत बसायचं. हा कुठला न्याय?”

उत्तर ‘घुबड’ नावाच्या माणसाकडून आलं. डेस्कटॉपच्या खिडक्यांचा कारभार याच घुबडाकडे होता. नावाशेजारी वटारलेल्या डोळ्यांचं चित्र.

“खिडकी तुमची, तर पट्टीही तुमची. आम्ही खिडक्या टेबलावर मांडतो, रंगवत नाही.”

एवढंच. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं उत्तर दिलं. घुबडानं प्रत्युत्तर दिलं. मग बघे जमले आणि दोन्ही बाजूंनी मंडळी भांडायला उतरली. एका बाजूचं म्हणणं, आमच्या पट्टीत आम्हाला बटणं बसवायची आहेत, तिथली जागा फुकट का घालवायची? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, तुमच्या बटणांसाठी आम्ही खिडकी धरायची कुठं? चर्चा मारुतीच्या शेपटासारखी वाढत गेली. मावशी डबा खाताना उत्तरं लिहायची, बसच्या रांगेत लिहायची. एकदा भाजी चिरता चिरता लिहीत होती तेव्हा नवरा म्हणाला, “जगात भांडायला इतकं पडलंय आणि तू खिडकीच्या पट्टीवरून भांडतेस?”

नवरा शाळेत व्यायाम शिकवायचा. त्याचा कॉम्प्युटरशी संबंध क्रिकेटचे निकाल बघण्यापुरता.

“तुमच्या आईसाठीच भांडतेय,” मावशी म्हणाली.

“ते खरंच. पण आता नुसती भांडत नाहीस, पट्टीची भांडखोर झालीयेस.” मग हसू आवरून तो म्हणाला, “भांडण चालू दे. पण तोवर आईचं काय? तुला स्वतःला काढता येत नाही का ती पट्टी?”

ही गोष्ट मावशीला झोंबली, कारण ती बरोबर होती. चर्चा वाढत होती आणि चादर कॉम्प्युटरवर तशीच होती. दुसऱ्या दिवसापासून तिनं ‘बेत’ला स्वतःची पट्टी शिवायला घेतली. तिला वाटलं, पट्टी म्हणजे काय, एक लांबट चौकोन आणि कोपऱ्यात एक फुली. शनिवार-रविवारात होईल.

झालं ते वेगळंच. चौकोन निघाला, पण धरून ओढलं तर खिडकी हलेना. हलायला लागली तर कडेला धरून मोठी होईना. बोटानं चालणाऱ्या पडद्यावर फुली दबेना. सावली दिली तर सावलीवर टिचकी बसायची. आणि सगळं जुळून आल्यावर, दुसऱ्या मंडळींनी बनवलेला डेस्कटॉप वापरणाऱ्यांचे निरोप यायला लागले. त्यांचा डेस्कटॉप अजून जुन्या पद्धतीनं पट्टी काढत होता, त्यामुळे त्यांच्याकडे ‘बेत’च्या डोक्यावर आता दोन पट्ट्या दिसत होत्या, एकावर एक. एकानं विचारलं, “मावशी, टोपीवर टोपी कशाला?”

तरी तिनं सासूबाईंना बसवलं. चादर काढली. पट्टी जाड, काळी, फुली मोठी. सासूबाईंनी मापं टाकली, नमुना मागितला. नमुना मोठा होता, ‘बेत’ त्यावर विचार करत बसला, आणि तेवढ्यात सासूबाईंच्या लक्षात आलं की कंबरेचा आकडा चुकला. त्यांनी फुली दाबली. काही झालं नाही. पुन्हा दाबली.

“अगं, ही फुली मेलीय का?”

मावशी बघतच राहिली. फुली ‘बेत’च काढत होता, आणि ‘बेत’ गुंतलेला असताना त्याची फुलीही गुंतलेली. पूर्वी फुली डेस्कटॉपची होती, प्रोग्राम अडकला तरी ती जिवंत असायची. हा मुद्दा आपल्या बाजूचा, हे तिला कळलं. पण त्याचबरोबर आणखी एक गोष्ट मुकाट्यानं मान्य करावी लागली. आपण ज्याला एक चौकोन समजत होतो ते चांगलंच किचकट काम होतं, आणि ते सगळ्या जगासाठी करा असं आपण कुणालातरी दरडावून सांगत होतो.

डेस्कटॉपवाल्यांचा मेळावा दरवर्षी भरायचा. त्या वर्षी तो जवळच्या शहरात, एका कॉलेजच्या सभागृहात होता. मावशीनं बोलण्यासाठी नाव दिलं आणि कडक भाषण तयार केलं. जायच्या दिवशी सासूबाई चप्पल घालून दारात उभ्या.

“आई, तिथं तुम्हाला कंटाळा येईल.”

“येऊ दे. माझ्यावरून इतकं रामायण झालं, मी नुसतं घरी बसून ऐकू?”

सभागृहाबाहेर चहाचं टेबल होतं. सगळ्यांच्या गळ्यात पट्टे, त्यावर प्रत्येकाचं चर्चेतलं नाव. मावशी कप भरत होती तेव्हा शेजारची बाई तिच्या गळ्यातलं नाव वाचून थांबली. पांढरे आखूड केस, खांद्याला कापडी पिशवी, साठीच्या पुढची.

“तुम्ही मावशी?”

“हो.”

“अगबाई. मला वाटलं कुणीतरी दाढीवाला पोरगा असेल. पोरं ठेवतात ना असली नावं.”

मावशीनं त्या बाईच्या गळ्यातला पट्टा पाहिला. त्यावर वटारलेले डोळे होते.

“आणि घुबड म्हणजे तुम्ही?” तिच्या तोंडून निघालं. “मी तर मनातल्या मनात इतके दिवस एका साहेबाला शिव्या घालत होते.”

“घातल्यात ना? मग पोचल्या.”

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग सासूबाई मधे पडल्या. “दोघीही बायकाच निघालात, चला. आता चहा घ्या, निवतोय.”

तिघी बाकावर बसल्या. घुबडबाई रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाल्या होत्या. हे काम आवडीखातर करायच्या, पण खात्यातली सवय सुटली नव्हती. त्या म्हणाल्या, “सिग्नलच्या केबिनमधे एक गोष्ट वाढवली की बिघडायची एक जागा वाढते. आणि केबिन बंद पडली तर एक गाडी थांबत नाही, सगळ्या थांबतात. डेस्कटॉपचा गाभा तसाच आहे. तो कोसळला तर सगळ्यांच्या सगळ्या खिडक्या एकदम जातात. म्हणून मी तिथं काही घुसू देत नाही. पट्टी नाही, सावली नाही, काही नाही.”

“हे तुम्ही मला लिहिलं का नाही?”

“पहिल्यांदा कुणीतरी विचारलं तेव्हा सविस्तर लिहिलं होतं. मग लोक विचारतच राहिले. तुमची पाळी येईपर्यंत माझं लिहिणं तारेसारखं झालं होतं. तुटक.”

मावशीला हसू आलं. कारखान्यात ‘कॉलर अशी का’ असं विचारणाऱ्याला ती स्वतः असंच उत्तर द्यायची.

“आता तुम्ही माझ्याबरोबर दोन मिनिटं बसा,” सासूबाई म्हणाल्या. घुबडबाईंनी पिशवीतून लॅपटॉप काढला. सासूबाईंनी एकेक प्रोग्राम उघडायचा आणि बंद करायचा, एवढंच. एकाची फुली उजवीकडे, एकाची डावीकडे. एकाची इतकी फिकट की दिसेचना. गाणी ऐकायच्या प्रोग्रामात सासूबाईंचा बाण फुलीभोवती माशीसारखा फिरत राहिला, शेजारच्या बटणावर पडला आणि मोठ्यानं ढोल वाजायला लागले. चहाच्या टेबलाजवळचे लोक वळून पाहायला लागले. घुबडबाईंनी घाईघाईनं आवाज बंद केला.

“माझा हात असाच आहे,” सासूबाई म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. “आधीची फुली मोठी होती. ती कुणी काढायची हे तुमचं तुम्ही बघा. मला सगळीकडे एका जागी सापडली की झालं.”

घुबडबाईंनी लॅपटॉप मिटला. मग त्यांनी मावशीला विचारलं, “तुमचं भाषण कधी आहे?”

“जेवणानंतर.”

“मग जेवताना बोलू.”

जेवताना त्या बोलल्या, आणि भांडल्याही. मावशीचं म्हणणं, पट्टी डेस्कटॉपनंच काढावी. घुबडबाईंचं म्हणणं, गाभ्यात मी पट्टी येऊ देणार नाही, ती आशा सोडा. मग मावशीनं ताटावरचा कागदी रुमाल उलटा केला आणि पेन काढलं.

“बरं. पण निदान विचारायला काय हरकत आहे? खिडकी उघडताना प्रोग्राम विचारेल, पट्टी तू काढतोस की मी? डेस्कटॉप उत्तर देईल.”

“उत्तर देईन. पण माझं उत्तर ‘तूच काढ’ असं असेल.”

“असू दे. टोपीवर टोपी तरी होणार नाही. आणि प्रोग्रामवर पाळी आली तर त्यानं आपल्या मनानं काढायची नाही. सगळ्यांसाठी एक सामाईक कोड असेल, पट्टी तो काढेल. माणसानं एकदा ठरवलेली जाडी, रंग, फुलीची बाजू, सगळं तो मानेल.”

“आणि ज्यांना पट्टीत बटणं बसवायचीत ते?”

“त्यांनी बसवावीत. पण फुली त्याच मापाची आणि त्याच बाजूला.”

घुबडबाईंनी रुमाल आपल्याकडे ओढला. “आणि प्रोग्राम गोठला तर?”

“तर बाहेर पडायची वाट तुम्ही द्यायची.”

घुबडबाईंनी विचार केला. “ते देईन,” त्या म्हणाल्या. “अडकलेली गाडी रुळावरून काढणं केबिनचंच काम आहे.”

मावशीनं आपलं कडक भाषण पिशवीतून बाहेर काढलंच नाही. ती व्यासपीठावर गेली आणि म्हणाली, “मी तुम्हाला रागवायला आले होते. मधल्या काळात मी स्वतः एक पट्टी काढून बघितली, त्यामुळे राग थोडा कमी झालाय.” सभागृह हसलं. मग तिनं सगळं सांगितलं. मेलेली फुली, टोपीवर टोपी, सासूबाईंचा हात आणि जेवताना झालेलं बोलणं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवून मान्य केलं असं काही झालं नाही. गाण्यांच्या प्रोग्रामचा कर्ता उठून म्हणाला की माझी पट्टी माझ्या प्रोग्रामचा चेहरा आहे, तो मी कुणाच्या हाती देणार नाही. आणखी कुणी म्हणालं की सामाईक कोड कोण सांभाळणार, आज उत्साह आहे, उद्या सगळे पांगतील. मावशी म्हणाली, “मी सांभाळीन.” मागच्या रांगेतून घुबडबाई म्हणाल्या, “एकट्या कशाला? मी आहे ना.” त्यावर मात्र कुजबूज झाली, कारण घुबड कधी कुणाच्या कामात असा हात घालत नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

पुढचे काही महिने त्या दोघींनी मिळून तो कोड लिहिला. मावशी लिहायची, घुबडबाई तपासायच्या आणि निम्मा परत पाठवायच्या. “इथं शिवण उसवेल,” असं त्या आता शिवणाच्या भाषेत लिहायला लागल्या होत्या, आणि मावशी उलट लिहायची, “सिग्नल लाल दिलात, कारण सांगा.” भांडणं व्हायची. पण आता उत्तरं तुटक नव्हती, आणि भांडण झालं की घुबडबाई सरळ फोन करायच्या. फोन पुष्कळदा सासूबाईच घ्यायच्या आणि मूळ विषय राहून कापड, गुडघे आणि सुना यांवर बोलणं व्हायचं.

नवी आवृत्ती आली तेव्हा सासूबाईंनी “घेऊ का?” या प्रश्नाला लगेच होकार दिला नाही. मावशीला हाक मारली आणि तिच्यादेखत बटण दाबलं. ‘बेत’ उघडला. पट्टी आली. सासूबाईंनी ती धरून खिडकी एका कडेला नेली, पुन्हा मधे आणली. मग चिठ्ठ्या लिहायचा प्रोग्राम उघडला, फोटो बघायचा उघडला. तशीच पट्टी, त्याच बाजूला फुली. शेवटी ‘बेत’ला मुद्दाम एक अवजड नमुना दिला, आणि तो गुंतलेला असताना फुली दाबली. क्षणभर काही नाही. मग डेस्कटॉपनं विचारलं, हा प्रोग्राम उत्तर देत नाही, बंद करू? खाली हो आणि नाही, दोन्ही बटणं ठसठशीत.

“विचारतोय बघ,” सासूबाई म्हणाल्या. “शहाणा झाला.”

गाण्यांचा प्रोग्राम अजूनही आपल्याच तोऱ्यात आहे. त्याची फुली फिकटच. सासूबाई आता गाणी रेडिओवर ऐकतात. बाकीचे प्रोग्राम मात्र एकेक करून सामाईक पट्टीकडे यायला लागले, कुणी कुरकुरत, कुणी आनंदानं. मान हलवून कॉम्प्युटर चालवणाऱ्या कुणा अनोळखी माणसानं लिहिलं की आता खिडकी बंद करायला मला कुणाला हाक मारावी लागत नाही. मावशीनं ते वाचून नवऱ्याला वाचायला दिलं. त्यानं दोनदा वाचलं आणि कुकरखालचा गॅस स्वतः उठून बंद केला.

थंडी सुरू झाली तेव्हा घुबडबाई घरी आल्या, कोटाचं माप द्यायला. सासूबाईंनी फीत त्यांच्या खांद्यावरून टाकली. हात थरथरत होता, फीत थरथरत होती, पण आकडा वाचायचं काम मावशीचं होतं. आकडे ‘बेत’मधे गेले, नमुना छापून आला. सासूबाईंनी तो दाट निळ्या कापडावर पसरला, टाचण्या लावल्या आणि कात्री टेबलाला टेकवली.

“खिसे आतून हवेत,” घुबडबाई म्हणाल्या.

“बाहेरून शोभतील,” सासूबाई म्हणाल्या.

“मला आतून पाहिजेत.”

“अहो, कोट मी शिवतेय ना?”

“पण घालणार मी आहे.”

सासूबाईंनी कात्री थांबवून सुनेकडे पाहिलं. मावशीनं दोन्ही हात वर केले आणि चहा ठेवायला आत गेली. मागून कात्री कापडात शिरल्याचा लांब, सरळ आवाज आला.